माती आणि गादी : कुस्तीची दोन रूपे व तिचा प्रेक्षक

१

कोल्हापूर परिसरातील कुस्तीविषयी आजवर जे लेखन झाले आहे ते बहुतांशी मल्लांच्या चरित्रांच्या रूपाने झाले आहे. कोणाचा वस्ताद कोण, कोणी कोणाला कोणत्या डावावर अस्मान दाखविले, कोणाच्या खांद्यावर कोणती गदा आली, याची नोंद त्यात आस्थेने केलेली आढळते. परंतु ज्याच्यासाठी ही मैदाने भरली, ज्याने वर्गणी दिली, तिकीट काढले आणि भर उन्हात उतरणीवर बैठक मारली, तो प्रेक्षक या लेखनात क्वचितच भेटतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रेक्षक आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनी गादीवर खेळली जाणारी कुस्ती आणि इनामासाठी मातीत होणारी कुस्ती या दोहोंत प्रेक्षकाला काय दिसते, काय समजते आणि निकालात त्याचा वाटा किती, हा प्रश्न येथे ऐतिहासिक दृष्टीने विचारात घ्यावयाचा आहे.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे प्रचलित आहेत. गादीवरील कुस्ती शास्त्रशुद्ध, मातीतील कुस्ती मागासलेली, हे एक. मातीतील कुस्तीच खरी, गादीवरील केवळ गुणांची बेरीज, हे दुसरे. दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत असे दाखविता येईल.

असा प्रश्न केवळ आपल्याच खेळापुढे उभा राहिला असे नाही. कॅनडा व अमेरिका येथील व्यावसायिक बर्फावरील हॉकी सुमारे २६ मीटर रुंदीच्या मैदानावर खेळली जाते, तर आंतरराष्ट्रीय सामन्यांचे मैदान परंपरेने सुमारे ३० मीटर रुंद असे. चार मीटरांच्या या फरकाने एकाच खेळाचे दोन खेळ होतात : अरुंद मैदानावर धडका व गोलावरील फटके अधिक, रुंद मैदानावर चकतीची देवघेव अधिक. तेथील व्यावसायिक संघटनेने आपला हंगाम ऑलिंपिकसाठी प्रथम थांबविला तो १९९८ साली, नागानोच्या वेळी. तोपर्यंत या दोन रूपांचे प्रेक्षक बव्हंशी वेगळे राहिले. कुस्तीच्या बाबतीत मात्र दोन्ही रूपांचा भार एकाच मल्लावर आणि एकाच प्रेक्षकावर पडला. म्हणून आपले उदाहरण अधिक उद्‌बोधक आहे.

२

प्रथम संज्ञांचा विचार करू. इंग्रजीतील दोन विरोधी संज्ञांसाठी मराठीत ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ हे शब्द रूढ झाले. नाटकाच्या संदर्भात ते पुष्कळसे नेमके बसतात. कुस्तीच्या संदर्भात बसत नाहीत. कारण कोल्हापूरचा पैलवान पूर्वी दरबाराच्या आश्रयाने जगे, पुढे मैदानांतील इनामावर आणि गावाने पुरविलेल्या खुराकावर जगू लागला. त्याचा पूर्ण वेळ कुस्तीतच जाई, म्हणून त्याला हौशी म्हणता येत नाही. आणि तो कोणत्या कंपनीचा नोकर नव्हता, म्हणून आजच्या अर्थाने व्यावसायिकही म्हणता येत नाही. त्याचे अर्थकारण आश्रयाचे होते. आश्रयदाता आधी राजा होता, मागाहून प्रेक्षक झाला. हा बदल ध्यानात घेतल्यावाचून मातीतील कुस्तीचे स्वरूप कळणार नाही.

कुस्तीची परिभाषाही हा इतिहास सांगते. ‘मल्ल’ हा संस्कृत शब्द. ‘आखाडा’ हा ‘अक्षवाट’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतातून आलेला. ‘कुस्ती’, ‘पैलवान’, ‘वस्ताद’, ‘खुराक’ हे फारसीतून आलेले, आणि ‘तालीम’ व ‘इनाम’ हे मूळचे अरबी. मातीत बाराव्या शतकापूर्वीपासून चालत आलेल्या विद्येवर मध्ययुगीन दरबारांनी आपली भाषा चढविली, आणि तीच भाषा खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली. गडहिंग्लजसारख्या सीमेवरील गावात हे अधिक स्पष्ट दिसते. आपण ज्याला तालीम म्हणतो त्याला कन्नड भाषक ‘गरडी’ म्हणतो, परंतु ‘कुस्ती’ आणि ‘पैलवान’ हे शब्द दोघांचेही समाईक आहेत. १९५९ साली पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे हे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे, आणि त्यांची तालीम कोल्हापुरातील शाहूपुरीची. मैदानातील प्रेक्षकांनी राज्याची सीमा कधीच मानली नाही.

कुस्ती पाहणे ही स्वतंत्र रसास्वादाची गोष्ट आहे, ही जाणीवही जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांचे वर्ग, आहार व व्यायाम यांचे वर्णन आहे. परंतु हे सर्व वर्णन ‘मल्लविनोद’ या सदराखाली, म्हणजे राजाच्या विनोदांत, येते. ग्रंथकाराने कुस्तीकडे पाहिले ते पाहणाऱ्याच्या आसनावरून.

३

राजाचा विनोद लोकांचा विनोद कसा झाला, याचे आपल्या भागातील उत्तर खासबाग मैदान हे होय. राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली युरोपास गेले असता रोम येथील प्राचीन रंगमंडल त्यांच्या पाहण्यात आले आणि त्यावरून कोल्हापुरात कुस्तीसाठी मैदान बांधण्याची कल्पना त्यांना सुचली. हे मैदान १९१२ साली पुरे झाले. त्याची रचना सांगावयास सोपी आहे : मध्ये उंचावलेला मातीचा हौद आणि भोवती वाडग्याच्या आकाराची चढत जाणारी उतरण. परिणामी शेवटच्या रांगेतील माणसालाही पुढच्याच्या पागोट्याचा अडथळा होत नाही. आरंभीच्या मैदानात गामा पैलवानाचे बंधू इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली. दरबारातील मोजक्या मानकऱ्यांपुरते असलेले दृश्य येथे हजारो रयतेच्या दृष्टीच्या टप्प्यात आले. ही वास्तू सर्वस्वी प्रेक्षकासाठी होती हे विसरून चालणार नाही.

त्याच १९१२ साली स्टॉकहोम येथे ऑलिंपिक सामने भरले. ग्रीको-रोमन कुस्तीच्या मध्यम वजनगटात रशियन साम्राज्याकडून उतरलेला एस्टोनियाचा मार्टिन क्लाइन आणि फिनलंडचा आल्फ्रेड असिकाइनेन यांची लढत ११ तास ४० मिनिटे चालली. क्लाइन जिंकला, पण इतका थकला की सुवर्णपदकासाठीची पुढील कुस्ती तो खेळू शकला नाही. दुसऱ्या एका वजनगटात आल्ग्रेन व ब्योलिंग यांची लढत ९ तासांनंतरही अनिर्णित राहिली आणि दोघांनाही रौप्यपदक देण्यात आले. म्हणजे वेळेची मर्यादा नसणे हा काही केवळ आपल्या मातीचा दोष नव्हता. आंतरराष्ट्रीय कुस्तीही तेथूनच निघाली आहे. भेद पडला तो या अडचणीवर दोघांनी काढलेल्या उपायांत.

दोन वर्षांपूर्वीच लंडनमध्ये या भेदाची पूर्वसूचना मिळाली होती. १० सप्टेंबर १९१० रोजी गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची कुस्ती झाली. ती इनामाची, म्हणजे व्यावसायिक, कुस्ती होती. झ्बिस्को बहुतेक सर्व वेळ गादीवर पालथा पडून राहिला आणि सुमारे अडीच तासांनी कुस्ती बरोबरीत सोडविण्यात आली. दुसऱ्या आठवड्यात तो हजरच झाला नाही व पट्टा गामाला मिळाला. १९२८ साली पतियाळा येथे याच दोघांची पुन्हा गाठ पडली तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. पहिल्या कुस्तीत प्रतिपक्षाला हरू न देणारा बचाव कायदेशीर होता, पण पाहणाऱ्याला त्यातून काही मिळाले नाही. दुसरी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपली, तरी ती पाहिलेला माणूस जन्मभर तिची गोष्ट सांगत राहिला असेल. प्रेक्षकाची तृप्ती वेळेवर मोजता येत नाही, निकालावर मोजावी लागते.

४

आता दोन रूपांतील रचनेचा भेद पाहू.

मातीतील कुस्तीचा निकाल एकच : पाठ टेकणे. दोन्ही खांदे मातीला लागले की कुस्ती संपली. हा निकाल शेवटच्या रांगेतूनही दिसतो आणि तो समजण्यासाठी नियमपुस्तक वाचलेले असावे लागत नाही. ‘चितपट’, ‘अस्मान दाखविणे’, ‘पाठ लावणे’ या शब्दप्रयोगांत निकालाचे दृश्यच गोठलेले आहे. उताणा पडलेल्याला आकाश दिसते, ही गोष्ट कोणासही समजावी लागत नाही.

गादीवरील कुस्तीतही चीत करणे हा सर्वोच्च विजय आहे. परंतु बहुसंख्य कुस्त्या गुणांवर ठरतात. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन पाठीमागे ताबा मिळविला तर दोन गुण, त्याची पाठ गादीकडे वळविली तर दोन, त्याला नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर ढकलले तर एक, उंच उचलून टाकले तर चार किंवा पाच. मुक्त शैलीत दहा गुणांचे अंतर पडले की कुस्ती तेथेच थांबते. हे सर्व क्षण सेकंदाच्या अंशात घडतात, आणि ते तीन पंच पाहतात. प्रेक्षक मल्लाकडे नव्हे, तर गुणफलकाकडे पाहतो. त्याला निकाल दिसत नाही, कळविला जातो.

वजनाच्या बाबतीतही हेच. गादीवर वजनकाटा जोड ठरवितो. मातीत जोड नजरेने ठरते. ‘जोड लावणे’ ही एक कलाच आहे. पैलवानाची अंगकाठी, त्याची तालीम, मागील मैदानातील कामगिरी यांचा अंदाज घेऊन जाणती मंडळी जोड लावतात, आणि मैदानातून फेरी मारताना ती जोड सर्वांना दाखविली जाते. जोड विजोड असेल तर प्रेक्षक तेथल्या तेथे ओरडून सांगतात. याच्या उलट आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हेलसिंकीचा मल्ल तेहरानच्या मल्लाशी लढावयाचा असतो. त्यांना आधी कोणी पाहिलेले नसते. तेथे नजर उपयोगी नाही, काटाच हवा. गादीवरील नियम हे परस्परांना अपरिचित अशा लोकांमध्ये न्याय करण्यासाठी जन्मले, मातीतील संकेत हे परस्परांना ओळखणाऱ्या लोकांमध्ये निकाल लावण्यासाठी. माझ्या मते दोन रूपांमधील मूळ भेद हा आहे. प्रगत आणि मागास हा नव्हे.

मैदानाचा क्रमही प्रेक्षकाला घडवीत जातो. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, कागल या तालुक्यांत यात्रेच्या निमित्ताने भरणाऱ्या मैदानात आरंभी लहान मुलांच्या रेवड्यांच्या किंवा नारळाच्या कुस्त्या होतात, मग इनामाची रक्कम वाढत जाते आणि सूर्य कलल्यावर पहिल्या क्रमांकाची कुस्ती लागते. हलगीची लय त्याप्रमाणे चढत जाते. निवेदक डावाचे नाव घेतो : एकेरी पट, ढाक, घिस्सा, मोळी, कलाजंग, एकलंगी. चार तास बसलेला दहा वर्षांचा मुलगा परतताना पाच डाव ओळखू लागलेला असतो. मैदान ही प्रेक्षकाचीही तालीम असते.

५

या दोन रूपांमधून गेलेले सर्वांत महत्त्वाचे नाव खाशाबा जाधव यांचे. कराड तालुक्यातील गोळेश्वर येथे १९२६ साली जन्मलेले जाधव मातीत वाढले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना गादीचा सराव नव्हता, तरी ते फ्लायवेट गटात सहावे आले. त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर ७,००० रुपयांस गहाण ठेवले. जाधवांनी मुक्त शैलीच्या ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले. सुवर्ण जपानच्या इशीइ यांना मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्यांच्या मैदानांतून मिळालेल्या पैशांतून जाधवांनी ते घर सोडविण्यास साह्य केले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे.

या व्यवहाराचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. गादीवरील पदकाचे कर्ज मातीतील प्रेक्षकाने फेडले. हेलसिंकीची कुस्ती ज्यांनी पाहिली नव्हती, तेच तिचे खरे आश्रयदाते होते. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतराव आंदळकर व मारुती माने यांनी प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्यपदक मिळविले. तेही मैदानांनी पोसलेले मल्ल होते.

असे असूनही जाधवांनंतर भारताला कुस्तीत पुढचे ऑलिंपिक पदक मिळण्यास ५६ वर्षे लागली. ते सुशीलकुमार यांनी २००८ साली बीजिंग येथे मिळविले. महाराष्ट्रातील मल्लास दुसरे पदक अद्याप मिळालेले नाही. २०२४ साली राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे यांना पॅरिस येथे जे कांस्यपदक मिळाले ते नेमबाजीतील होय. मातीतील प्रेक्षक मल्लाला खुराक देऊ शकतो, पण सहा मिनिटांच्या कुस्तीची सवय देऊ शकत नाही. त्याला आवडणारी खडाखडी व दमाची झुंज गादीवर उपयोगी पडत नाही. आश्रय एका रूपाचा आणि कीर्ती दुसऱ्या रूपाची, ही ओढाताण आपल्या भागातील मल्लांच्या तीन पिढ्यांनी सोसली आहे. १९५३ साली स्थापन झालेल्या राज्य कुस्तीगीर परिषदेने महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली सुरू केली. माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांची अंतिम लढत लावण्याची पद्धत म्हणजे या ओढाताणीवरचा तडजोडीचा मार्गच होय.

६

भाषेचा पुरावा या संदर्भात फार बोलका आहे. मराठीत राजकारणावर लिहिणारा कोणताही पत्रकार कुस्तीच्या शब्दांवाचून एक स्तंभही पुरा करू शकत नाही. डावपेच, खडाखडी, कुरघोडी, धोबीपछाड, चितपट, शड्डू ठोकणे, दंड थोपटणे हे सर्व प्रयोग मैदानातून आले, आणि जे मैदानास कधी गेले नाहीत त्यांच्याही तोंडी बसले. लुटुपुटीच्या लढाईला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, तेही तेथूनच. याउलट गादीवरील कुस्ती आपल्याकडे सात दशकांहून अधिक काळ आहे, पण ‘तांत्रिक वर्चस्व’ किंवा ‘निष्क्रियतेची ताकीद’ यांतून एकही वाक्प्रचार जन्मला नाही. प्रेक्षकाने जे डोळ्यांनी पाहून आपलेसे केले तेच भाषेत उतरते. जे त्याला कळविले गेले ते नियमपुस्तकातच राहते.

एक अपवाद मात्र मोठा मौजेचा आहे. ‘फ्रीस्टाइल’ हा शब्द मराठीत रुळला आहे, पण तो ‘फ्रीस्टाइल हाणामारी’ या अर्थाने. ऑलिंपिकमधील मुक्त शैली कडक नियमांनी बांधलेली असते. मराठीतील फ्रीस्टाइलला नियमच नाही. हा अर्थ ऑलिंपिकमधून नव्हे, तर शहरांत तिकिटे लावून होणाऱ्या, दारासिंग व किंगकाँग यांच्या नावांनी गाजलेल्या तमाशेवजा कुस्त्यांतून आला असावा. म्हणजे व्यावसायिक म्हणविणारे तिसरेही एक रूप आहे आणि त्यात निकाल आधी ठरतो. मातीतील इनामी कुस्तीला ‘व्यावसायिक’ म्हणताना तिला या रूपाच्या पंक्तीस बसविले जाऊ नये.

‘तालीम’ या शब्दाचे स्थलांतरही नोंदविण्यासारखे आहे. कोल्हापुरात खंडोबा तालीम, पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम ही नावे आज फुटबॉलच्या संघांची म्हणून गाजतात. गडहिंग्लजलाही फुटबॉलचे गाव म्हणून ओळख मिळाली आहे. पेठेतील प्रेक्षक दुसऱ्या खेळाकडे वळला, पण आपल्या निष्ठेचे नाव त्याने सोबत नेले.

७

येथवरचे विवेचन मातीच्या बाजूला झुकले आहे असे कोणास वाटेल. म्हणून मातीचे दोष स्पष्टपणे मांडणे अवश्य आहे. प्रदीर्घ खडाखडीनंतर ‘बरोबरीत सोडविलेली’ कुस्ती हा प्रेक्षकाचा जुना तक्रारीचा विषय आहे. इनामाची कुस्ती आपसात ठरविली जाण्याचा धोका नेहमीच असतो. ‘नुरा’ हा शब्द भाषेत आहे याचा अर्थच तो. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे मातीच्या मैदानाने स्त्रियांना दीर्घकाळ दूर ठेवले. ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती २००४ साली आली, साक्षी मलिक यांनी २०१६ साली पदक मिळविले, आणि महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथम २०२३ साली सांगली येथे भरली. हे दार गादीने उघडले, मातीने नव्हे.

पाठ टेकण्याचा निकालही वादातीत नसतो. २०२५ साली अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातील अंतिम लढतीत पाठ टेकली किंवा कसे, यावरूनच वाद होऊन पंचाला धक्काबुक्की होण्यापर्यंत प्रकरण गेले. दृश्य निकालालाही विश्वासू पंच लागतो.

तसेच आंतरराष्ट्रीय कुस्तीने प्रेक्षकाकडे दुर्लक्ष करण्याची किंमत मोजली आहे. २००५ पासून दोन-दोन मिनिटांचे तीन स्वतंत्र डाव आणि कोंडी फोडण्यासाठी रंगीत चेंडू काढून पकड ठरविणे, असे नियम होते; ते पाहणाऱ्याला उमगत नसत. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या खेळांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. तेव्हा संघटनेने घाईने नियम बदलले : तीन मिनिटांचे दोन डाव, गुणांची एकत्र बेरीज, चढाईला अधिक मोल. सप्टेंबरमध्ये कुस्तीला पुन्हा स्थान मिळाले. प्राचीन ऑलिंपिकमध्येही असलेला खेळ केवळ पाहणाऱ्याला समजेनासा झाल्यामुळे जवळजवळ बाहेर पडला होता, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

८

निष्कर्ष थोडक्यात असा. गादीवरील कुस्ती अनोळखी माणसांत न्याय करते, आणि त्यासाठी प्रेक्षकाकडून निवाडा काढून तो पंचाकडे देते. मातीतील कुस्ती निवाडा प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ठेवते, आणि त्यासाठी तिला ओळखीचा समाज व जाणता प्रेक्षक लागतो. पहिलीला संस्था पोसतात, दुसरीला गाव पोसते. जाणता प्रेक्षक नाहीसा झाला तर मातीतील कुस्ती उरणार नाही, हे उघड आहे. परंतु तिच्याबरोबर गादीवरील मल्लाचाही पहिला आश्रयदाता जाईल, ही गोष्ट तितकी उघड नाही, आणि म्हणूनच ती मांडावयाची होती.

आपल्या विद्यार्थ्यांना येथे काम आहे. मल्लांची चरित्रे लिहिली गेली. आता प्रेक्षकांच्या आठवणी, मैदानांची हस्तपत्रके, यात्रा समित्यांच्या जमाखर्चाच्या वह्या आणि निवेदकांची भाषा गोळा केली पाहिजे. कन्नड व मराठी दोन्ही बोलणारे वृद्ध प्रेक्षक गडहिंग्लज परिसरात अजून आहेत. त्यांनी शेकडो कुस्त्या पाहिल्या आहेत आणि डावांची नावे त्यांना दोन्ही भाषांत पाठ आहेत. त्या नावांचा कोश झाला पाहिजे.